लालसरी, शेंडी आणि ती तपकिरी

मला बदकं आवडत नाहीत. हे आधीच सांगितलेलं बरं. थंडी पडली की कोल्हापुरातल्या काही मंडळींना अचानक निसर्ग आठवतो. गळ्यात दुर्बीण, डोक्यावर टोपी, हातात भज्यांचा पुडा अशा थाटात ती रंकाळ्यावर नाहीतर कळंब्याच्या तळ्यावर जाऊन उभी राहतात आणि 'पाहुणे आले, पाहुणे आले' म्हणून एकमेकांना बोट दाखवतात. स्वतःच्या दारात आलेल्या पाहुण्याला यांतले निम्मे लोक पाणीही विचारत नाहीत. पण पाहुणा चोचीचा असला, बोलत नसला आणि फेब्रुवारीत आपला आपण निघून जाणारा असला, की त्यांच्या मनाचा मोठेपणा उतू जातो.

यंदाही थंडी आली आहे. सकाळी गच्चीवर कपडे वाळत घालायला गेलं की दक्षिणेकडून गुऱ्हाळांचा धूर येतो. गोडसर, थोडा करपट. त्या वासाबरोबर दरवर्षी आमच्या घरात एक हालचाल सुरू व्हायची. खुंटीवरची दुर्बीण खाली यायची, सायकलच्या चाकात हवा भरली जायची, मफलर शोधला जायचा आणि तो माझ्याच ट्रंकेत सापडायचा. यंदा धूर आला आणि पुढचं काहीच झालं नाही. मफलर ट्रंकेत आहे.

दादा गेल्या पावसाळ्यात गेला. माझा थोरला भाऊ. शिवाजी पेठेतल्या शाळेत चित्रकला शिकवायचा. लग्न त्यानं केलं नाही, मीही केलं नाही. आई-वडिलांच्या मागं आम्ही दोघं त्याच घरात राहिलो. मी कॉलेजच्या ग्रंथालयात होते. संध्याकाळी तो रंग कालवत बसायचा आणि मी वाचत. तासन्‌तास आम्ही बोलायचो नाही आणि त्यात काही कमी आहे असं वाटायचं नाही. आता तेच न बोलणं मी एकटी करते.

भेटायला आलेल्यांपैकी बहुतेकांनी मला बदकांबद्दल सांगितलं. "मास्तर म्हंजे बदकांचा देवमाणूस हो," असं एक गृहस्थ डोळे पुसत म्हणाले. बदकांचा देवमाणूस! यांनी आयुष्यात दादाचं एक चित्र धड पाहिलं नव्हतं. शाळेच्या व्हरांड्यात लावलेला पक्ष्यांचा एक रंगीत तक्ता त्यांना आठवत होता, आणि त्यातलं एक बदक झोपलेलं होतं हे आठवून त्यांना हसू आवरत नव्हतं. मी त्यांना चहा दिला नाही. दुखवट्याच्या घरात चहा द्यावा लागत नाही, ही एक सोय असते.

त्या झोपलेल्या बदकाबद्दलच मला लिहायचं आहे. पण आधी बाकीच्या दोघांचा परिचय करून द्यायला हवा. दोघं तसे परिचयाच्या लायकीचे नाहीत, तरी.

पाण्यावरच्या बदकांच्या दोन तऱ्हा असतात. एक तऱ्हा तरंगता तरंगता डोकं खाली आणि बूड वर करून चरते. दुसरी सरळ बुडी मारते आणि कुठं वर येईल ते तिचं तिलाच ठाऊक. लालसरी आणि शेंडी बदक ही दोन्ही बुडी मारणाऱ्या घराण्यातली, अगदी जवळची भाऊबंद. लालसरीच्या नराचं डोकं काताच्या रंगाचं, छाती काळी, पाठ राखेसारखी आणि डोळा लाल. दिवसभर तो तळ्याच्या मधोमध चोच पाठीत खुपसून झोपतो, दुपारच्या जेवणानंतर लोडाला टेकलेल्या जहागीरदारासारखा. उन्हं कलली की उथळ पाण्याकडं येतो, बुड्या मारतो, पाण्यातल्या झाडांची मुळं आणि कोंब खातो आणि पुन्हा झोपायला मोकळा.

शेंडीचा नर काळा कुळकुळीत आणि कुशी मात्र पांढऱ्याशुभ्र, नुकतीच सनद मिळालेल्या वकिलासारखा. मानेवर मागं एक शेंडी लोंबते. तीही धड नाही, न्हाऊन विंचरायची राहिल्यासारखी. डोळा पिवळाजर्द आणि त्यात कायम कुणीतरी आपला अपमान केल्याचा भाव. हा खोल पाण्यात जातो, तळाचा चिखल चिवडून शिंपले नि गोगलगायी काढतो. दोघांचेही पाय शेपटीकडं सरकलेले, त्यामुळं काठावर चढले की दोघंही झिंगल्यासारखे चालतात. उडायचं म्हटलं तर आधी पाण्यावरून धावत सुटावं लागतं. हिमालय ओलांडून येतात म्हणे. इतक्या लांबून येऊन करतात काय, तर एक झोपतो आणि एक चिखल उपसतो. त्यासाठी हिमालय ओलांडायची गरज नव्हती. आमच्या गल्लीत दोन्ही कामं करणारे पुष्कळ आहेत.

आणि माद्या. दोघांच्याही माद्या तपकिरी. नरांना रंग देऊन झाल्यावर ब्रश धुतलेलं जे पाणी उरतं, त्या रंगाच्या. शेंडीच्या मादीला शेंडी असते ती असून नसल्यासारखी, लांबून दिसतच नाही. लालसरीच्या मादीचा चेहरा जरा फिकट, पण उन्हात सगळेच चेहरे फिकट दिसतात. उडाल्यावर पंखावरचा पट्टा बघावा, तर माद्या उठून उडायचा उत्साह दाखवत नाहीत. लांबून एक खूण पक्की, डोळा. शेंडीच्या मादीचा पिवळा, लालसरीच्या मादीचा काळपट. हे सगळं मला दादानं सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

ही गोष्ट एकोणीसशे साठच्या दशकाच्या शेवटाकडची. शिकारीचे कायदे कडक व्हायच्या आधीची. तेव्हा कळंब्याच्या बाजूला आबासाहेब म्हणून एक जुने जहागीरदार राहायचे. जहागीर गेली होती, बंगला होता, उसाचा मळा होता, गुऱ्हाळ होतं आणि दोन-तीन शाळांच्या मंडळावरचं पद होतं. त्यांतली एक दादाची शाळा. आबासाहेबांनी आयुष्यभर शिकार केली. मग जंगलात मारण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा ते निसर्गप्रेमी झाले. त्यांच्या वडिलांच्या स्मरणार्थ जिल्ह्यातल्या शाळांना तळ्यावरच्या पक्ष्यांचा एक मोठा रंगीत तक्ता छापून द्यायचा, असं त्यांनी ठरवलं. प्रत्येक पक्ष्याची जोडी, नर आणि मादी, खाली मराठी नाव. चित्रं दादाची. संक्रांतीपर्यंत छापखान्यात गेली पाहिजेत, नाहीतर दुसरा माणूस बघू, असा निरोप होता.

शाळेच्या फळ्याबाहेर दादाचं काही पहिल्यांदाच जाणार होतं. खाली त्याचं नाव छापलं जाणार होतं. हे तो कधी बोलला नाही. पण त्या थंडीत ब्रशचं टोक ओठात धरून बारीक करताना त्याचा चेहरा वेगळा दिसायचा. देवापुढं उभं राहिल्यासारखा नव्हे, देवाशी त्याचं फार जमायचं नाही. फार वर्षांनी एखाद्या ओळखीच्या माणसानं नावानं हाक मारावी तसा.

गावात चित्रकारांना तोटा नव्हता. कॅलेंडरवरचा देव बघून देव आणि सिनेमाच्या पोस्टरवरचा वाघ बघून वाघ काढणारे पायलीला पन्नास. दादानं मात्र स्वतःशी एक ठरवलं होतं. जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच काढायचं. ग्रंथालयातून मी त्याला पक्ष्यांचं एक जाड इंग्रजी पुस्तक आणून दिलं होतं. त्यातून त्यानं खुणा वाचल्या, पण चित्र एकही उतरवलं नाही. "हे दुसऱ्यानं बघितलंय," असं म्हणाला आणि पुस्तक मुदतीच्या आत परत केलं.

सुट्टीच्या सकाळी आम्ही कळंब्याला जायचो. दादा सायकलवर, मी मागं कॅरिअरवर, मांडीवर रंगांची पेटी. बांधावर दव इतकं असायचं की पातळाच्या निऱ्या गुडघ्यापर्यंत भिजायच्या. पाण्यावर धुकं, पलीकडं कुणाची तरी म्हैस हंबरायची आणि पाणी न्यायला आलेल्या बायका आमच्याकडं बघून कुजबुजायच्या. लालसरीचा नर झाला. शेंडीचा नर झाला. हळदीकुंकू बदक, टिबुकली, सगळे पक्षी झाले. या दोघांच्या माद्या तेवढ्या राहिल्या. त्या तळ्याच्या मधोमध, नुसते तपकिरी ठिपके. चित्र काढण्याइतकी काठाजवळ एकच यायची. दोन्ही थव्यांपासून जरा बाजूला, पाणकणसांच्या आडोशाला, चोच पाठीत खुपसून. आणि सदानकदा झोपलेली.

"दिसायलंय काय?" मी विचारायची.

"झोपलंय."

"कालपण झोपलं होतं."

"आजपण झोपलंय. मी काय करू?"

"दगड मारू काय एक? लांबच मारायचा की, पाण्यात. दचकून डोळे उघडंल."

दादानं दुर्बीण खाली घेतली. "शालू, झोपलेल्याला उठवून त्याच्या डोळ्याचा रंग बघायचा? तुझ्या ग्रंथालयात पेपर तोंडावर घेऊन झोपतात, त्यांना तू असं करतीस काय?"

"त्यांच्या डोळ्यांत बघण्यासारखं काय नसतंय."

तो हसला. त्या हसण्याची वाफ थंडीत दिसली. मला ती अजून दिसते. आठवणी काय ठेवायच्या याची निवड आपल्या हातात नसते, नाहीतर मी वाफ ठेवली नसती.

एके सकाळी बांधावर आबासाहेबांची जीप आली. सोबत त्यांचे वकील, जाडे, आनंदी, सतत काहीतरी चघळणारे. आबासाहेबांनी खाली न उतरताच विचारलं, "काय मास्तर, बाई कुणाची ते ठरलं काय?"

वकील खो खो हसले. दादा म्हणाला, "डोळा दिसला नाही अजून."

"डोळा कशाला बघायचा? आम्ही खाल्लीत की ही. लालसरीची हाय."

"न्हाय हो आबासाहेब," वकील म्हणाले. "रंगानं काळी हाय. काळ्याचीच असणार. शेंडीची."

"लागली पैज?"

"लागली. हरंल त्यानं जेवण द्यायचं."

मी तिथंच उभी होते. 'बाई कुणाची' हा प्रश्न मला नवा नव्हता. त्या वयात लोक मला तो जरा सभ्य शब्दांत रोज विचारायचे. उत्तर 'कुणाचीच नाही' असं दिलं की त्यांना ते उत्तर वाटायचंच नाही, प्रश्न नीट ऐकू गेला नसावा असं समजून ते पुन्हा विचारायचे.

शिकाऱ्यांचं एक शास्त्र असतं, ते त्या दिवशी मला कळलं. लालसरी मुळं नि कोंब खाते म्हणून तिचं मांस गोड. शेंडी गोगलगायी खाते म्हणून तिच्या मांसाला चिखलाचा वास. म्हणजे पक्षी ओळखायचा तो ताटात. इतकी वर्षं या लोकांनी तळ्याकाठी काढली, पहाटेची थंडी सोसली, श्वास रोखून पाण्याकडं बघितलं आणि त्यातून त्यांच्या पदरात पडलेलं ज्ञान ते हे.

"खाऊनच ठरवू," आबासाहेब म्हणाले.

दादाचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नाही. तेव्हाही चढला नाही. "मारू नका. थोडे दिवस थांबा. एकदा तरी मान वर काढंलच की ते."

"मास्तर, संक्रांत काय तुमच्यासाठी थांबतीया व्हय?"

दादा म्हणाला, "मारणारच असला तर आधी मला दाखवा. डोळा बघतो, रंग लावून घेतो. तेवढ्यापुरतं तरी द्या."

"हे काय विचारणं झालं? तुमच्यासाठीच मारायलोय की आम्ही!" आबासाहेब म्हणाले आणि जीप धुरळा उडवत गेली. मोठ्या माणसांनी शब्द दिला की आपल्याला बरं वाटतं. त्यांनाही बरं वाटतं. शब्द तिथंच संपतो.

जेवणाचं बोलावणं आलं ते मळ्यातल्या बंगल्यावर, दुपारचं. मलाही होतं. दादा रंगांची पेटी घेऊन बाहेर ओटीवर बसला, पांढरा कागद फळीला टाचून. मला आत घरच्या थोरल्या बाईंकडं, आईसाहेबांकडं नेलं. त्या घरातल्या बायका पुरुष पाहुण्यांपुढं येत नसत. ओटी आणि आतलं दालन यांच्यामध्ये बांबूची चिक टांगलेली असायची. तिच्यातून बायकांना सगळं दिसायचं आणि पुरुषांना आपण एकटे आहोत असं वाटायचं. पुरुष एकटे असल्यावर काय बोलतात हे ऐकायचं असेल तर चिकेसारखी जागा नाही. फार काही बोलत नाहीत, हे मी तिथं शिकले.

आतून मसाल्याचा खमंग वास यायला लागला. मी सहज मागं स्वयंपाकघरात डोकावले. तानूबाई म्हणून त्यांची जुनी स्वयंपाकीण होती, मोठ्या पातेल्यात पळी फिरवत होती.

"काय करायलाय?" मी विचारलं.

"बदक की. काय तरी पैज हाय म्हणं."

"ते मास्तरांना दाखवायचं होतं आधी."

"काय दाखवायचं?" तानूबाईनं खरंच न कळून विचारलं. "मला कोण न्हाय बोललं. पहाटं आणून टाकलं, मी साफ केलं. सरकारांचं जेवण येळेवर नगं व्हय?"

"पिसं कुठं आहेत?"

"चुलवणात." म्हणजे मागच्या गुऱ्हाळाच्या भट्टीत. "वरनं जाळावर भाजून बी घेतलं. न्हाय तर लव ऱ्हाती अंगावर."

तिची काही चूक नव्हती. त्या घरात पक्षी दोनच वाटांनी आत यायचा, पातेल्यात नाहीतर पेंढा भरून भिंतीवर. बघण्यासाठी म्हणून कधी कुठला पक्षी आलाच नव्हता, मग तिला कोण कशाला सांगणार? सांगायचं ज्यांनी कबूल केलं होतं, त्यांना पहाटेपासून फक्त भूक लागली होती.

मी चिक बाजूला सारून सरळ ओटीवर गेले. मागं आईसाहेब "अगं बाई!" म्हणाल्या. वकील तक्क्यावरून उठून बसले.

"दादा," मी म्हटलं, "शिजलंय ते."

दादानं माझ्याकडं बघितलं. मग पांढऱ्या कागदाकडं. त्यानं पिवळ्या रंगाची आणि तपकिरी रंगाची, दोन्ही नळ्या उघडून ठेवल्या होत्या. त्यानं एकेक करून त्यांची टोपणं लावली.

"अरेच्चा!" आबासाहेब म्हणाले. "सांगायचं राहिलं की ते." आणि त्यांना इतकं हसू आलं की डोळ्यांत पाणी आलं. "असू दे मास्तर. डोळ्यापेक्षा जिभेला जास्त कळतंय. बसा, बसा."

पंगत बसली. चिकेमागून मी ती पाहिली आणि आजही, एखाद्या सभेत मोठी माणसं एखाद्या विषयावर ठामपणे बोलायला लागली की मला तीच पंगत दिसते. तांबडा रस्सा. वर बोटभर तवंग. कांदा-लसणाची चटणी सढळ हातानं. त्या रश्शात चपलेचा तळ शिजवला असता तरी तो लालसरी आहे की शेंडी, हे ब्रह्मदेवाला सांगता आलं नसतं. आबासाहेबांच्या कपाळावरून घाम निथळत होता. वकिलांचं नाक वाहत होतं. दोघंही डोळे मिटून, जीभ टाळ्याला लावून चव घेत होते, शास्त्रज्ञ असल्यासारखे.

"गोड हाय," आबासाहेब म्हणाले.

"वास येतोय मला," वकील म्हणाले.

"तो लसणाचा."

"लसणाचा काय? द्या वाढा अजून."

वकिलांनी रस्सा पुन्हा घेतला, पुन्हा जीभ फिरवली आणि ते लालसरी झाले. माणूस किती वाटी रश्शात मत बदलतो हे मला तिथं कळलं. "मानलं आबासाहेब. लालसरीच. जेवण माझ्याकडं लागलं." पंगतीनं टाळ्या वाजवल्या. एका पक्ष्याची जात अशी ठरली.

"मास्तर, तुमचं मत?"

दादा एरवी आवडीनं मटण खायचा. त्या दिवशी त्यानं ताकभात घेतला होता. "चवीतलं मला कळत नाही," तो म्हणाला.

जेवणं झाल्यावर त्यानं तानूबाईला हळूच विचारलं, डोकं कुठं टाकलं? तिनं गुऱ्हाळाकडं हात केला. आम्ही मागं गेलो. उसाच्या चिपाडांचा ढीग वाळत पडला होता, पलीकडं मोठ्या काहिलीत उसाचा रस उकळत होता आणि सगळा आसमंत गोड वासानं जड झाला होता. ढिगाच्या टोकावरून एक कावळा उडाला. तिथं ते होतं. चोच जळून काळी पडलेली, कपाळावरची कातडी आखडलेली. डोळ्यांच्या जागी दोन खळगे.

दादानं ते तळहातावर घेतलं. उजेडाकडं धरून या बाजूनं, त्या बाजूनं बघितलं. मग पुन्हा खाली ठेवलं आणि त्यावर चिपाडं ओढली. गुऱ्हाळावरच्या माणसांनी आम्हाला काकवी दिली. आम्ही ती घरी आणली आणि खाल्ली नाही.

परतताना सायकल चालवता चालवता, मागं न बघता, तो म्हणाला, "वजनच नव्हतं गं त्याला."

मला राग बंदुकीचा नाही. आमच्या भागात माणसं मांस खातात, मीही खाते, त्यात लाजण्यासारखं काही नाही. मला शिसारी येते ती खात्रीची. दादा थव्यापासून वेगळ्या बसलेल्या एका तपकिरी पक्ष्यासाठी सकाळमागून सकाळ दवात भिजत उभा राहिला आणि शेवटी म्हणाला, 'मला माहीत नाही.' त्यांनी ढेकर दिली आणि त्यांना माहीत झालं. मास्तर भित्रा, मास्तरला ठरवता येत नाही, असं नंतर शाळेत बोललं जायचं. ठरवता येणारे सगळे आबासाहेबांच्या पंगतीला होते.

संक्रांतीच्या आधी दादानं चित्र दिलं. लालसरीचा नर एका बाजूला, शेंडीचा दुसऱ्या बाजूला आणि दोघांच्या मधे, दोघांपासून सारख्या अंतरावर, ती. झोपलेली. चोच पाठीत. पाठीवरचं एकेक पीस मी त्याला काढताना पाहिलं आहे, सगळं जसं दिसलं होतं तसं. आणि डोळा मिटलेला. नुसती पापणीची एक बारीक, फिकट रेघ. खाली नावाची जागा त्यानं कोरी ठेवली आणि तक्त्यावर सही केली नाही.

"झोपलेलं का काढलं हे?" आबासाहेबांनी विचारलं.

"तसंच बघितलं."

छापखान्यात त्यांनी कोऱ्या जागी 'लालसरी (मादी)' असं घातलं. शेंडीचा नर तक्त्यावर जन्माचा एकटा राहिला. सगळ्यात वर आबासाहेबांच्या वडिलांचा फोटो, कुठल्याही बदकापेक्षा मोठा. चित्रकाराचं नाव कुठंच नाही. छापून झाल्यावर मूळ चित्र तेवढं दादानं परत आणलं. कागलपासून शिरोळपर्यंतच्या शाळांत तो तक्ता लागला, पुराच्या ओलीनं फुगला, पोरांनी त्यातल्या पक्ष्यांना पेनानं मिशा काढल्या. त्या मिशा निदान कुणीतरी नीट बघून काढल्या होत्या.

दादा पुढं दर थंडीत कळंब्याला जात राहिला. माद्या पुष्कळ दिसल्या, पिवळ्या डोळ्यांच्या आणि काळ्या डोळ्यांच्या. घरी येऊन सांगायचा. पण त्यानं बदक पुन्हा काढलं नाही. एकदा मी म्हटलं, आता दोन्ही बघितल्यास की, काढ नवीन. तो म्हणाला, "ती कोण होती ते कुठं कळलंय अजून?" त्यानंतर मी विचारलं नाही.

हे सगळं मी कदाचित लिहिलं नसतं. पण मागच्या आठवड्यात आबासाहेबांचे चिरंजीव घरी आले. आबासाहेब केव्हाच गेले. चिरंजीव आता पक्षिप्रेमींच्या एका मंडळाचे अध्यक्ष आहेत. वडिलांची जीप गेली, मोटार आली. आवाज तोच. दुखवटा संपला होता, त्यामुळं चहा द्यावा लागला.

"ताई, मास्तरांचा तक्ता पुन्हा छापतोय आम्ही. यंदा मास्तरांचं नाव मोठ्या अक्षरांत घालायचं. त्यांच्या स्मरणार्थ."

"त्यानं सही केली नव्हती."

"तेच म्हणतोय की. राहून गेली असंल. आता दुरुस्त करू. तुमच्याकडं मूळ चित्र असंल ते द्या." त्यांनी बशीत चहा ओतला. "एक बारीक गोष्ट हाय. ते तपकिरी बदक झोपलेलं हाय बघा. पोरांच्या पुढं झोपलेलं बरं दिसत न्हाय. डोळा तेवढा उघडून घेतो. आमच्याकडं माणूस हाय रंगवायला."

"कुठल्या रंगाचा?"

"काय?"

"डोळा. कुठल्या रंगाचा करणार?"

त्यांनी थोडा विचार केल्यासारखं केलं. मग मोठ्या मनानं हसले. "कुठलाबी चालतोय की, ताई! बदकाच्या डोळ्यात कोण बघतंय?"

मी पुढं होऊन त्यांच्या हातातली बशी काढून घेतली. तिच्यात अजून चहा होता.

मूळ चित्र मिळणार नाही, आणि नाव घालू नका, असं मी सांगितलं. ते रागावले नाहीत. अशी माणसं रागावत नाहीत, त्यांचं कुठं काही अडतच नाही. जिना उतरता उतरता म्हणाले, "न्हाय तर न्हाय. छापील वरनं करून घेऊ. नावाचं काय, वर आजोबांचा फोटो हाय की."

करतील. या थंडीत नाहीतर पुढच्या थंडीत, जिल्ह्यातल्या शाळाशाळांतून ती डोळा उघडून बसेल, रंगवणाऱ्याच्या हाताशी जो रंग असेल त्या रंगाचा. मला ते थांबवता येणार नाही. मूळ चित्र कपाटात आहे, माझ्या पातळांखाली, आणि त्यात ती झोपलेली आहे. माझ्यानं होईल ते एवढंच.

काल सकाळी मी ट्रंकेतून मफलर काढला, खुंटीवरची दुर्बीण घेतली आणि रिक्षा करून कळंब्याला गेले. बांधावर भज्यांच्या पुड्यांसह मंडळी होतीच. ट्रान्झिस्टर चालू होता. लालसरी मधोमध झोपली होती, शेंडी चिखल उपसत होती, सगळं पहिल्यासारखंच सामान्य. आणि पाणकणसांच्या बाजूला, थव्यापासून वेगळी, एक तपकिरी. चोच पाठीत. मी दुर्बीण लावली. पाठीवरची पिसं दिसली, दादानं काढली होती तशीच. पापणीची रेघ दिसली. ही ती नव्हे, हे मला कळत होतं. तिला तर ते केव्हाच खाऊन बसले होते. तरी मी दुर्बीण काढली नाही.

शेजारच्या टोपीवाल्यानं बायकोला म्हटलं, "थांब, उठवतो तिला," आणि वाकून खडा उचलला.

खडा पाण्यात पडल्याचा आवाज मला ऐकू आला. लाटेचं वर्तुळ तिच्यापर्यंत गेलं, ती हलली, मान सुटायला लागली.

मी दुर्बीण खाली घेतली आणि पाठ फिरवली.